शून्य तिकीट आणि मेट्रोचे कार्ड

कर्नाटक राज्याचा नकाशा भिंतीवर टांगलेला असेल, तर त्याच्या अगदी उत्तरेकडील शेंड्यावर बोट ठेवून पाहावे. ते बोट औराद तालुक्यावर पडते. पश्चिमेस व उत्तरेस महाराष्ट्र, पूर्वेस तेलंगण, आणि खाली मांजरेच्या पलीकडे बिदर, असा हा मुलूख आहे. माती काळी, पीक तूर, उडीद, मूग, ज्वारी आणि अलीकडे सोयाबीन यांचे. देवणी जातीच्या जनावरांची येथील शेतकऱ्यांस मोठी हौस. गावचे दैवत अमरेश्वर. बाजारात कानड्यात विचारलेल्या भावाचे उत्तर मराठीत मिळते, घासाघीस दखनी उर्दूत होते, आणि पैसे मोजताना दोघेही आपापल्या भाषेत मोजतात. यात कोणास काही नवल वाटत नाही.

हे असे का, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली, तेव्हा जुन्या हैदराबाद राज्यातील बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले. नारायणखेड व झहीराबादचा बहुतेक भाग आंध्र प्रदेशात गेला. बिदर, भालकी, हुमनाबाद व औराद हा मुलूख म्हैसूर राज्याच्या वाट्यास आला; त्या राज्यास १९७३ पासून कर्नाटक म्हणतात. सरकारी कागदावर रेघ ओढली गेली खरी, परंतु सोयरिकी काही त्या रेघेकडे पाहून जुळत नाहीत. आजही औराद भागातील एखाद्या घरात गेले तर थोरल्या सुनेचे माहेर उदगीरला, धाकटीचे देगलूरकडे आणि नणंद झहीराबादेस दिलेली, असा संसार सहज आढळतो. सणावाराला, बाळंतपणाला, दुखण्याखुपण्याला या बायाबापड्यांची जा-ये सारखी चालू असते, आणि ती चालते सरकारी मोटारीने.

म्हणूनच तिकिटाचा विषय आमच्याकडे नुसता पैशाचा राहत नाही.

११ जून २०२३ रोजी कर्नाटक सरकारने ‘शक्ती’ नावाची योजना सुरू केली. राज्यात राहणाऱ्या स्त्रियांनी सरकारी साध्या व जलद गाड्यांतून राज्याच्या हद्दीत कितीही प्रवास करावा, भाडे पडणार नाही, अशी ती योजना. आरामगाड्या, वातानुकूलित गाड्या व लांब पल्ल्याच्या परराज्यीय गाड्या यांतून वगळल्या आहेत. बाई गाडीत चढली की वाहक तिच्यापाशी येतो आणि ‘अक्का, आधार तोरिसि’, म्हणजे आधार दाखवा, असे म्हणतो. ती लुगड्याच्या केळ्यातून किंवा पिशवीतून आधारपत्र काढते. त्यावर कर्नाटकाचा पत्ता असला की वाहकाच्या हातातील यंत्रातून एक चिठोरे बाहेर पडते. यासच शून्य तिकीट म्हणतात. रक्कम शून्य, पण तिकीट घेणे मात्र सक्तीचे. कारण त्या चिठोऱ्यावरूनच कोणत्या मार्गावर किती बायांनी किती अंतर प्रवास केला याचा हिशेब लागतो आणि तेवढे पैसे राज्य सरकार परिवहन महामंडळास भरून देते. फुकट म्हणजे कोणीच न भरलेले, असे नव्हे.

आमच्या भागात ज्या महामंडळाच्या गाड्या धावतात, ते कल्याण कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळ होय. १५ ऑगस्ट २००० रोजी ते वेगळे झाले, तेव्हा त्यास ईशान्य कर्नाटक असे नाव होते. मुख्य कचेरी कलबुर्गीस. या योजनेने काय झाले ते पाहावयास कोणत्याही सकाळी औरादच्या स्थानकात उभे राहावे. संतपूरच्या व बिदरच्या गाडीस आधी पुरुषांची झुंबड असे, आता बायांची असते. पुरुषांस निम्म्या जागा राखून ठेवाव्यात असा नियम सरकारास करावा लागला, यातच सगळे आले. थट्टा करणारे थट्टा करतात. परंतु ज्या मजूर बाईला बिदरच्या सरकारी दवाखान्यात जावयास जाण्यायेण्याचे भाडे म्हणजे जवळजवळ अर्ध्या दिवसाची रोजी पडत असे, ती आता दुखणे अंगावर काढीत नाही, हे आम्ही शेजारीपाजारी पाहतो. थट्टेपेक्षा हे वजनाने जास्त आहे.

योजना सुरू झाली, तेव्हा सरकारने आणखी एक गोष्ट जाहीर केली होती. तीन महिन्यांच्या आत स्त्रियांनी ‘सेवा सिंधू’ या सरकारी सुविधेमार्फत अर्ज करून शक्ती स्मार्ट कार्ड घ्यावे आणि पुढे तेच दाखवावे, अशी ती घोषणा. तीन महिने आले नि गेले. कार्ड काही आले नाही, आणि बाया आधारपत्रच दाखवीत राहिल्या. त्या कार्डाचे पुढे काय व्हावयाचे ते होवो. आमच्या लेखाचा विषय आधारपत्रावरचा पत्ता हाच आहे.

कारण त्या पत्त्याने आमच्या घराघरांत दोन जाती केल्या. औरादची लेक उदगीरला दिली. लग्नानंतर तिने रीतसर पत्ता बदलून घेतला. ती माहेरी आली आणि आईसोबत बिदरला निघाली, तर एकाच बाकावर बसलेल्या मायलेकींपैकी आईला शून्य तिकीट आणि लेकीला पूर्ण भाडे. उलट उदगीरची लेक औरादला सून म्हणून आली, पण पत्ता बदलायचा राहून गेला. ती रोजच्या गाडीला पैसे मोजते आणि सासू तिला म्हणते, ‘अगं, तुझं अजून तिकडंच आहे होय?’ त्या ‘तिकडंच’ या शब्दात किती अर्थ भरला आहे, ते सुनांनाच विचारावे.

महाराष्ट्राने १७ मार्च २०२३ पासून एस. टी. गाड्यांत स्त्रियांस अर्ध्या तिकिटाची सवलत दिली. त्यापूर्वी २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांस प्रवास मोफत केला. तेलंगणाने ९ डिसेंबर २०२३ पासून ‘महालक्ष्मी’ योजनेखाली आपल्या राज्यातील स्त्रियांस मोफत प्रवास दिला. म्हणजे आमच्या औरादवरून कोणत्याही दिशेने चाळीस-पन्नास किलोमीटर गेले की तिकिटाचा कायदा बदलतो. एकीकडे शून्य, एकीकडे अर्धे, एकीकडे पुन्हा शून्य, पण दुसऱ्या पत्त्याचे. ज्यांची नाती तिन्ही दिशांना पसरली आहेत त्यांनी पिशवीत कागद तरी किती बाळगावेत?

असो. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्हांस मावशींना घेऊन हैदराबादेस जाण्याचा योग आला. मावशींना बरेच दिवस मूत्रपिंडाचे दुखणे आहे. बिदरच्या डॉक्टरांनी पंजागुट्ट्याच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये दाखवून आणा, असे सुचविले होते. आमच्याकडील लोकांस मोठे दुखणे आले की सोलापूर किंवा हैदराबाद, हे ठरलेले. बेंगळुरू राजधानी खरी, पण ती सातशे किलोमीटर दूर. हैदराबाद बिदरहून चार तासांच्या आत.

पहाटेची गाडी धरली. औराद ते बिदर मावशींस शून्य तिकीट मिळाले, आम्ही आमचे भाडे दिले. वाटेत संतपूर लागते, पुढे मांजरा ओलांडावी लागते. त्या वर्षी पाऊस चांगला झाल्याने नदी दोन्ही काठ धरून वाहत होती, आणि पुलावर गाडी येताच बायांनी खिडकीतून हात जोडले. बिदरच्या किल्ल्याविषयी व महमूद गवानच्या मदरशाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे; येथे त्यात भर घालावयाची गरज नाही. बिदरला गाडी बदलली. ही परराज्यात जाणारी; येथे मावशींच्या आधारपत्राचे काम संपले आणि पूर्ण तिकीट काढावे लागले. झहीराबादेस सोलापूर-हैदराबाद हमरस्ता लागतो. सदाशिवपेठ, संगारेड्डी, पटानचेरू अशी गावे मागे पडतात, कारखान्यांची धुराडी दिसू लागतात, आणि मियापूर येते.

पूर्वीचे प्रवासी गाडीतच बसून राहत आणि इमलीबनच्या स्थानकात, म्हणजे महात्मा गांधी बस स्थानकावर उतरत. मियापूर ते इमलीबन हा शहरातला तुकडा कधी कधी बिदर ते झहीराबाद यापेक्षा जास्त वेळ खाई. आता जाणते लोक मियापूरला उतरतात, कारण तेथे मेट्रो रेल्वेचे पहिले स्थानक आहे. २८ नोव्हेंबर २०१७ रोजी या रेल्वेचे उद्घाटन झाले व दुसऱ्या दिवसापासून लोकांसाठी ती धावू लागली. पुढे टप्प्याटप्प्याने वाढत ७ फेब्रुवारी २०२० रोजी तिचे तिन्ही मार्ग मिळून एकूण ६९ किलोमीटर लांबी व ५७ स्थानके पूर्ण झाली. सगळा रूळमार्ग खांबांवर उभारलेला आहे. मियापूर ते एल. बी. नगर हा तांबडा मार्ग, नागोल ते रायदुर्ग हा निळा, आणि ज्युबिली बस स्थानक ते महात्मा गांधी बस स्थानक हा हिरवा. तांबडा व निळा अमीरपेठेस भेटतात.

येथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वेने रस्त्यावरील मोटारसेवा सुरू केली तेव्हा तिच्याकडे अवघ्या २७ गाड्या व १६६ नोकर होते. हैदराबादच्या सरकारी मोटारींच्या क्रमांकात जे ‘झेड’ अक्षर असे, ते निजामाच्या आईच्या झहरा या नावावरून घेतले, असे जुने लोक सांगतात. औराद तेव्हा त्याच राज्यात होते. आमच्या आजोबांच्या पिढीला हैदराबाद हे परराज्य नव्हते, राजधानी होती. त्यांस कोणी पत्ता विचारला नसता.

मियापूरच्या जिन्याने वर गेलो. सरकता जिना पाहून मावशी थांबल्या. बाजूला उद्वाहन, ज्यास सर्वजण लिफ्ट म्हणतात, ते होते, त्याने गेलो. तिकीटखिडकीपाशी मावशींनी सवयीने आधारपत्र काढून पुढे केले. खिडकीतील मुलगी हसून म्हणाली, ‘इधर नै चलता अम्मा, पैसे पडते.’ मोफत प्रवासाची तेलंगणाची योजना मोटारींपुरती आहे, मेट्रोला नाही. आणि मोटारीतही ती तेलंगणाच्या पत्त्यास आहे. मावशींनी आधारपत्र पुन्हा घडीत ठेवले आणि म्हणाल्या, ‘अरे, हितं तरी सगळ्यांना सारखंच हाय म्हणायचं.’

मावशींना पुढील काही महिने वरचेवर यावे लागणार, हे उघड होते. म्हणून आम्ही त्यांच्यासाठी कार्ड घेतले आणि स्वतःसाठी एका फेरीचे तिकीट. ज्यांस असा प्रसंग येईल त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून या कार्डाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

हे कार्ड दिसावयास बँकेच्या कार्डासारखे, प्लास्टिकचे. आत डाळीच्या दाण्याहून लहान अशी एक संगणकीय चकती असते आणि तिच्याभोवती तारेचे बारीक वेटोळे. त्यात घडाळ्यासारखा सेल नसतो, विजेचा काही साठा नसतो. फाटकावर जो वाचक बसविलेला असतो, तो सतत लहरी सोडीत असतो. सेकंदास एक कोटी पस्तीस लाख साठ हजार आंदोलने, असे त्यांचे मोजमाप आहे. कार्ड त्याच्याजवळ दोन-चार बोटांवर नेले की त्या लहरींपासून वेटोळ्यात वीज उत्पन्न होते आणि तेवढ्या विजेवर ती चकती जागी होते. मग दोघांमध्ये गुप्त खुणेची देवघेव होते: तू खरा वाचक का, तू खरे कार्ड का. खूण पटली की कोणत्या स्थानकात किती वाजता प्रवेश केला ते कार्डावर लिहिले जाते व फाटकाची झडप उघडते. हे सारे पापणी लवते तोवर होते. उतरण्याच्या स्थानकात पुन्हा कार्ड टेकवावे लागते. तेव्हा कोठून चढला ते वाचून अंतराप्रमाणे भाडे कापले जाते आणि उरलेली शिल्लक फाटकावरील काचेत दिसते. शिल्लक कार्डावरच लिहिलेली असल्याने दर वेळी बँकेला किंवा मोबाइलच्या मनोऱ्याला विचारावे लागत नाही, म्हणून इतकी त्वरा.

यातून काही नियम आपोआप निघतात, आणि ते न कळल्याने गावाकडील माणसांची तारांबळ उडते. पहिला नियम असा की एक कार्ड एका वेळी एकाच माणसाचे. गाडीत आपण वाहकास ‘चार द्या’ म्हणतो आणि एका हाताने चौघांचे पैसे देतो. येथे ते नाही. बापाने कार्ड टेकवून आत जावे आणि मागे मुलाच्या हाती द्यावे, तर फाटक मुलास घेत नाही. कारण त्या कार्डाच्या हिशेबी माणूस आधीच आत गेलेला आहे व अजून बाहेर पडलेला नाही. कुटुंब चौघांचे असेल आणि वर्षातून एकदा यावयाचे असेल, तर कार्डाच्या नादी न लागता प्रत्येकाचे एका फेरीचे तिकीट काढावे, हेच बरे. ज्याला महिन्यातून दोनदा-चारदा यावे लागते, त्याने कार्ड घ्यावे.

दुसरे असे की कार्ड टेकवून क्षणभर तसेच धरावे. घाबरून हात झटकन मागे घेतला की लिहिणे अपुरे राहते. आणि बँकेचे कार्ड व मेट्रोचे कार्ड एकाच पाकिटात ठेवून पाकीटच टेकवू नये. हल्ली बँकेच्या पुष्कळ कार्डांतही तशीच चकती व वेटोळे असते आणि वाचकापुढे दोघे एकदम बोलू लागतात. आधारपत्राने अशी अडचण होत नाही, कारण त्यात चकती नाही. त्यावर छापलेली चौकोनी नक्षी असते, ती डोळ्याने नव्हे पण छायाचित्रासारखी टिपून वाचावी लागते. मावशींच्या कापडी पिशवीत आधारपत्र, शिधापत्रिका, दवाखान्याची चिठ्ठी व हे कार्ड अशी सारी मंडळी एकत्र होती, तरी फाटकाने तक्रार केली नाही. मावशींनी पिशवीच टेकवली. मागे उभ्या असलेल्या महाविद्यालयीन मुलींनी कौतुकाने पाहिले.

कार्ड हरवले तर आतील शिल्लक गेली असेच साधारणपणे धरून चालावे. म्हणून त्यात एकदम मोठी रक्कम भरून ठेवू नये. ते पैसे बँकेत ठेवलेले नव्हेत. त्यांस व्याज नाही. हजारो माणसांनी शंभर-दोनशे रुपये आगाऊ भरले म्हणजे कंपनीच्या हाती केवढी रक्कम बिनव्याजी राहते, याचा विचार शहरातले लोक करीत नाहीत. पण ज्याने सोसायटीचे कर्ज फेडले आहे, त्याच्या मनात हा विचार आल्यावाचून राहत नाही. भाड्याचे म्हणाल तर २०१७ साली ते कमीत कमी १० व जास्तीत जास्त ६० रुपये होते; मे २०२५ मध्ये वाढले. मोटारीच्या मानाने महागच. मात्र मियापूरहून पंजागुट्टा बाराव्या स्थानकावर आहे, आणि तेथे गाडी अर्ध्या तासाच्या आत पोचली. दवाखान्यात नाव नोंदविण्याची रांग सकाळीच लागते. ज्यास उशीर झाला त्यास मुक्काम पडतो, आणि मुक्काम पडला की जेवण, खोली, दुसऱ्या दिवसाची बुडालेली मजुरी. हा हिशेब मांडला तर मेट्रोचे भाडे जड वाटत नाही.

डब्यात बसावयास मिळाले. बायांसाठी वेगळी जागा राखलेली असते. खाली कुकटपल्ली, मूसापेठ, भरतनगर, एर्रागड्डा अशी वस्ती सरकत होती. वाहनांची रांग मुंग्यांसारखी. स्थानकाची नावे पुकारली जात होती, त्यांत मराठी मात्र कोठे नव्हती, आणि ती असावी अशी अपेक्षाही नाही. वास्तविक या शहरात मराठी माणसांची वस्ती जुनी आहे. सुलतान बाजार व कोठी या भागांत ती विशेष. तेथील विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था १९०७ सालची. मराठवाड्यातील कित्येक मुले निजामाच्या काळात तेथे शिकून मोठी झाली. याच तांबड्या मार्गावर पुढे उस्मानिया मेडिकल कॉलेजचे स्थानक लागते. सुलतान बाजार तेथून पायी जाता येतो.

अशा कार्डांची सुरुवात आपल्या देशात झालेली नाही. दक्षिण कोरियातील सेऊल शहराने १९९६ मध्ये मोटारींसाठी ती काढली. हाँगकाँगने १९९७ च्या सप्टेंबरात ‘ऑक्टोपस’ नावाचे कार्ड काढले, आणि थोड्याच वर्षांत लोक त्यावर रेल्वेबरोबर दुकानातील पावही घेऊ लागले. लंडनचे ‘ऑयस्टर’ २००३ चे. त्या लंडनच्या कार्डातील एक गोष्ट आम्हांस फार आवडली. दिवसभरात माणसाने किती फेऱ्या केल्या ते जमेस धरून, एका ठरावीक मर्यादेपुढे त्या दिवशी भाडे कापलेच जात नाही. रोजच्या पासाचे पैसे सकाळी एकदम देणे ज्यास जमत नाही, त्यासही पासाचा फायदा मिळतो. गरिबाची आठवण ठेवण्यासाठी एवढी यंत्रे कोणी वापरली, तर आम्ही त्यांस नावे ठेवणार नाही.

आपल्याकडे दिल्लीची मेट्रो २४ डिसेंबर २००२ रोजी धावू लागली. त्यानंतर शहराशहरांत मेट्रो आली आणि प्रत्येकीचे कार्ड वेगळे. बेंगळुरूचे पुण्यात चालेना, पुण्याचे हैदराबादेत. यावर उपाय म्हणून ४ मार्च २०१९ रोजी पंतप्रधानांनी अहमदाबादेत राष्ट्रीय सामायिक कार्डाची घोषणा केली: एक देश, एक कार्ड. ते रुपे पद्धतीवर बँका देतात. त्यात दोन हजार रुपयांपर्यंत रक्कम साठविता येते आणि ज्या शहराने ते स्वीकारले तेथे चालते. दिल्ली, बेंगळुरू, पुणे येथील मेट्रोंनी ते स्वीकारले आहे. त्यात निरनिराळ्या सेवांसाठी निरनिराळे कप्पे ठेवण्याची सोय केलेली आहे. म्हणजे एका कप्प्यात पुण्याचा विद्यार्थी-पास आणि दुसऱ्यात आणखी कोठली सवलत, असे त्याच कार्डात मावू शकते.

आम्ही परतीच्या गाडीत याच गोष्टीचा विचार करीत होतो. कप्पे आहेत, लहरी आहेत, चकती आहे. मग उदगीरास दिलेल्या लेकीने औरादला आल्यावर तेच एक कार्ड टेकवावे आणि कर्नाटकाच्या महामंडळाने तिचे भाडे महाराष्ट्राकडून वसूल करावे, किंवा उलट, यास अडचण कोणती? यंत्राची तर नाही. राज्याराज्यांत मोटारींच्या फेऱ्यांविषयी करार होतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात तशी तरतूदच आहे. तुमच्या गाड्या आमच्या हद्दीत इतके किलोमीटर, आमच्या तुमच्या हद्दीत तितके, असा काटेतोल हिशेब दोन्ही बाजूंचे अधिकारी बसून करतात. किलोमीटरांचा जो हिशेब होतो, तो बायांच्या तिकिटांचा का होऊ नये, हे आमच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक सरकार आपल्या तिजोरीतून आपल्या महामंडळास भरपाई देते आणि मतेही आपल्याच हद्दीतील मोजते, हे कारण असू शकेल. तसे असेल तर सीमेवरच्या बाईने कोणाकडे पाहावे?

तथापि कार्डाने सगळे सुटते असेही आम्ही म्हणणार नाही. मेट्रोच्या फाटकाला मावशी कोण हे ठाऊक नाही. त्यामुळे त्याने त्यांस पत्ता विचारला नाही, ही गोष्ट खरी. परंतु औरादच्या गाडीतील वाहकाला त्या कोण ते ठाऊक असते, म्हणून तो फाट्यावर गाडी जरा जास्त थांबवितो, पिशवी खाली देतो, आणि ‘मावशी, दवाखान्याचं काय झालं?’ असे विचारतो. एखादी सून पत्ता न बदललेले आधारपत्र दाखविते, तेव्हा तो काही क्षण तिच्याकडे व त्या पत्राकडे पाहतो आणि मग पैसे मागतो. त्या क्षणभरात त्यालाही बरे वाटत नसते, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. नोकरी करणाऱ्याने नियम पाळलाच पाहिजे. पण तपासनीस आला तर जबाब त्यालाच द्यावा लागतो, हे बायांनीही ध्यानात घ्यावे आणि त्याच्याशी भांडू नये. ज्यांचे पत्ते बदलावयाचे राहिले आहेत त्यांनी ते बदलून घ्यावेत. लग्नाचा दाखला व पतीच्या पत्त्याचा पुरावा जवळ ठेवला की जवळच्या आधार केंद्रात हे काम होते. नवी सून घरी आली की पहिल्या सहा महिन्यांत सासूनेच हे मनावर घ्यावे, म्हणजे पुढे ‘तिकडंच आहे होय?’ असे विचारण्याची वेळ येणार नाही.

डॉक्टरांनी औषधे बदलून दिली आहेत आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावयास बोलाविले आहे. मावशींच्या मेट्रोच्या कार्डात त्रेचाळीस रुपये शिल्लक आहेत. ते औरादच्या किराणा दुकानात चालतात का, असे त्यांनी आल्या आल्या विचारून घेतले. चालत नाहीत असे कळल्यावर त्यांनी कार्ड शिधापत्रिकेच्या घडीत घातले आणि ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली, ठेवून दिले. उदगीरची त्यांची लेक दिवाळीला यावयाची आहे. तिला बिदरला दुकाने दाखवावयास न्यावयाचे, आणि तिचे तिकीट आपण काढावयाचे, असे त्यांनी ठरविले आहे.